सोय आहे का?

माझ्या पायाला भिंगरी आहे असं आई म्हणायची, आणि ते कौतुकानं नाही. मुलुंडच्या आमच्या दोन खोल्यांत मी एका जागी बसून जेवलेली कुणाला आठवत नाही. ताट हातात घेऊन दारापासून खिडकीपर्यंत फेऱ्या घालत जेवायची. बी.ए.ला अर्थशास्त्रात बरे मार्क पडले आणि त्याच सुमारास बाबांची गिरणी बंद झाली. आज सुरू होईल, उद्या सुरू होईल करत बाबा रोज पेपर शेवटच्या ओळीपर्यंत वाचायचे आणि मग तोच पुन्हा उलगडायचे. ते बघत घरात बसले असते तर मला वेड लागलं असतं. म्हणून अंधेरीच्या एका संस्थेत सर्वेक्षणाचं तात्पुरतं काम मिळालं तेव्हा पगार किती हेसुद्धा न विचारता मी हो म्हणून आले. त्यावरून आईनं मला दोन दिवस धारेवर धरलं.

संस्थेचं ऑफिस एका औद्योगिक वसाहतीत दुसऱ्या मजल्यावर होतं. आमचे सर निवृत्त प्राध्यापक, बुशशर्टाच्या खिशात नेहमी तीन पेनं, आणि बोलायला लागले की तिन्ही एकेक करून बाहेर काढून टेबलावर मांडायचे. पहिल्याच दिवशी त्यांनी आम्हाला समोर बसवलं. देश किती कमावतो हे विचारून देश कसा जगतो ते कळत नाही, म्हणाले. "बापाचा पगार वाढला म्हणून पोरीची उंची वाढते का? मग उंची मोजा!" त्यांनी वीस प्रश्नांचा एक फॉर्म केला होता. त्यात उत्पन्नाचा प्रश्न फक्त एक. बाकी एकोणीस जगण्याचे. पाणी किती लांबून आणता, मुलं किती झाली आणि किती जगली, शाळेत किती जातात, दोन वेळा जेवता का. प्रत्येक 'होय'ला, नाहीतर बऱ्या आकड्याला, एक अंक. ज्या वस्तीचे अंक सगळ्यांत कमी, तिथे संस्था देणगीतून आधी कामं करणार होती, संडास, नळ, बालवाडी. कामाची यादी वर्षातून एकदाच ठरायची.

मी भारावून गेले. आमच्या घरी उत्पन्नाचा रकाना त्या वर्षी कोराच होता, त्यामुळे माणसाला उत्पन्नानं मोजू नये हे मला जरा जास्तच पटलं असेल. पण खरंच, कॉलेजात तीन वर्षं मी दरडोई, दरडोई करत घोकलं होतं, आणि इथे कुणीतरी पहिल्यांदा त्या डोईखालच्या माणसाकडे बघत होतं. मी तो फॉर्म घरी नेऊन बाबांना वाचून दाखवला. बाबा म्हणाले, "चांगला आहे. पण लोकं खरं सांगतील का?" मी म्हटलं, खोटं कशाला सांगतील, त्यांच्याच फायद्याचं आहे. फार हुशार होते मी तेव्हा.

अकरावा प्रश्न होता, 'संडासाची सोय आहे का?' आणि पुढे दोन चौकोन, होय, नाही.

मला घाटकोपरची एक डोंगरावरची वस्ती मिळाली. बहुतेक माणसं कोकणातली, सिंधुदुर्गाकडची. पुरुष खाली कारखान्यांत, काही गिरणीतून सुटून इकडे लागलेले. चढण अशी की खालच्या घराचं छप्पर वरच्या घराचं अंगण व्हायचं. पहिले दोन दिवस बायका दार अर्धंच उघडायच्या. "झोपड्या तोडूक इलंस काय?" हा पहिला प्रश्न मला विचारला जायचा, मग मी माझे वीस विचारायची. तिसऱ्या दिवसापासून मी त्यांची झाले. माझं आजोळ मालवणकडचं, आणि बोलताना माझ्या तोंडून एकदा आजीचा हेल निघून गेला, तेवढ्यानं दारं उघडली.

मी भराभर काम करायची. बसायची नाही, उंबऱ्यात उभी राहून विचारायची, पॅड पोटाशी धरून खुणा करायची. कुणी चहा दिला तर घ्यायची नाही, पाणीसुद्धा नाही. बायकांना वाटायचं मुलुंडची बामणीण दिसतेय, आमच्या हातचं चालत नसेल. तसं काही नव्हतं. दिवसभर बाहेर असलेल्या बाईनं पाणी पिऊ नये ही आईची शिकवण होती आणि ती माझ्या इतकी अंगवळणी पडली होती की ती शिकवण आहे हेही मी विसरले होते. ऑफिसातही तेच. आमच्या मजल्यावर बायकांसाठी एक संडास होता, पण त्यात फॉर्मांचे गठ्ठे ठेवलेले होते. जागा कमी म्हणून. कोऱ्या फॉर्मांचा गठ्ठा संपला की शिपाई कुलूप काढून तिथून नवा आणायचा. आम्ही दोघी मुली फारच निकड लागली तर खालच्या उडुप्याकडे जायचो, आणि जायचं म्हणजे आधी इडली मागवावी लागायची. यात काही विचित्र आहे असं आम्हाला कधी वाटलं नाही.

तर, सोय. दारोदार मी विचारायची, "काकी, संडासाची सोय आहे का?" आणि दारोदार उत्तर यायचं, "आसा मगे." कुणी म्हणायचं, "सोय नाय कशी? माणसा आसत मा आम्ही?" मी 'होय'वर खूण करायची आणि पुढच्या दाराला. मला दिसायला काही संडास दिसला नव्हता. पण असेल वरच्या अंगाला, असं मी धरून चालले. चढून बघायचा माझ्या भिंगरीला काही त्रास नव्हता, तरी बघितलं नाही. इतक्या वर्षांनी हे लिहिताना अजून चिडायला होतं. सगळा डोंगर मी पायाखाली घातला आणि तेवढी एकच गोष्ट बघायला गेले नाही.

वस्तीच्या मध्यावर एक घर होतं, निळ्या दाराचं. नवरा विक्रोळीच्या कारखान्यात, ओव्हरटाइम धरून पगार असा की उत्पन्नाचा आकडा लिहिताना माझं पेन दचकलं. आमच्या घरात बाबा कामावर असतानाही इतका नव्हता. फळीवर स्टीलची भांडी ओळीनं, टेबलफॅन, आणि कोपऱ्यात कापडानं झाकलेला टीव्ही. काकी चाळिशीच्या, अंगानं भरलेल्या, तोंडानं तिखट. त्यांची मुलगी सातवीत, आणि ती मात्र काडी. सर म्हणाले होते तसं मी दारापाशी भिंतीला लावून तिची उंची घेतली. ती तिच्या वयाच्या मानानं फारच ठेंगणी भरली.

"जेवते ना नीट?" मी विचारलं.

"जेवता मगे. भाताचा टोप भरलेला असता," काकी म्हणाल्या. "आमच्याकडे कमी काय आसा? पण ह्या चेडवाच्या अंगाक लागणा नाय. शाळेत दोनदा चक्कर येऊन पडला. तिच्या बापाशीन सांगितल्यान, शाळा बंद कर, घराक रवली की अंग धरीत. ह्या वर्षाच्या परीक्षेपर्यंत जांव दे, मगे बघूया."

मुलगी कंपासपेटीतलं कर्कटक उघडझाप करत होती. मी दोन वेळच्या जेवणापुढे 'होय' केलं, शाळेपुढे 'होय' केलं, अकराव्यापुढे 'होय' केलं. वीसपैकी सतरा. त्या डोंगरावर एवढे अंक त्याच घराला.

महिन्याभरानं सरांनी सगळ्या वस्त्यांची बेरीज फळ्यावर लिहिली. माझी वस्ती वरून दुसरी. जोगेश्वरीची एक वस्ती सगळ्यांत खाली होती, ती आमच्या एका सहकाऱ्यानं केली होती. तो पुरुष असल्यामुळे संध्याकाळी नाक्यावर पुरुषांनाच विचारायचा. पुरुषांनी त्याला सरळ सांगितलं होतं, "कसली सोय आणि कसलं काय, साहेब! वाट लागलीय." सर माझ्या वस्तीवर खूश होते. पगार बरा आणि जगणंही बरं, म्हणाले, असं क्वचित जुळतं. मीही खूश झाले. जणू ती वस्ती मीच वसवली होती.

निळ्या दाराच्या घराच्या फॉर्मवर सही राहिली होती म्हणून मी पुन्हा डोंगर चढले. काम संपलं होतं, घाई नव्हती, आणि काकींनी घावण्यांचा तवा टाकला होता. "आज तरी बस गो. उभ्यान खाल्लेला अंगाक लागणा नाय," म्हणून त्यांनी मला खाली दाबून बसवलं. मी आयुष्यात पहिल्यांदा एखाद्या घरी मांडी घालून बसले आणि सहा घावणे नारळाच्या रसात बुडवून खाल्ले. वर दोन पेले पाणी. वर चहा. सकाळी अंधेरीला, काम संपल्याच्या खुशीत, उसाचा रसही प्यायले होते, तो बर्फाचा. दोष कुणाचा ते देव जाणे. अर्ध्या तासात पोटात असा मुरडा उठला की मी पॅड खाली टाकलं.

"काकी, मला जायचंय," मी म्हटलं. "सोय कुठल्या बाजूला आहे?"

काकींनी आधी माझ्याकडे बघितलं, मग दाराबाहेरच्या उन्हाकडे. दुपारचे दोन वाजले असतील.

"आता?" त्या म्हणाल्या. "आता खय गो बाय? आता दिवस आसा."

मला कळेचना. मी पुन्हा म्हटलं, अहो, तुम्हीच सांगितलंत ना, सोय आहे म्हणून.

"आसा मगे. पहाटे काळोखात, नायतर दिवेलागणीक. डोंगराच्या पाठीमागे. आमची सगळ्यांची तीच सोय."

हे ऐकून मला जे वाटायला हवं होतं ते वाटायला सवडच नव्हती. मी घामाघूम झाले होते. काकींनी एक चादर ओढली, मुलीला हाक मारली, आणि आम्ही तिघी भर उन्हात डोंगराच्या पाठीमागे निघालो. वर पायवाटेवर दोन माणसं बिडी ओढत उभी होती. ती हलली नाहीत. काकींनी त्यांना अशी शिवी हासडली की ती मला अजून पाठ आहे. मग काकींनी चादरीचं एक टोक धरलं, मुलीनं दुसरं, आणि दोघी माझ्याकडे पाठ करून उभ्या राहिल्या. वारा होता. चादर फडफडत होती. मुलीचे हात काडीसारखे, पण तिनं टोक सोडलं नाही. बी.ए. अर्थशास्त्र, दरडोई उत्पन्न तोंडपाठ, आणि मी त्या चादरीमागे बसून रडत होते.

परतताना काकी पुढे गेल्या. मुलगी माझ्याबरोबर रेंगाळली आणि हळूच म्हणाली, "ताई, लाज वाटून घेऊ नका. मी म्हणून रात्री जेवतच नाय. सकाळी पण अर्धी भाकरी. मग दिवसा लागतच नाय." हे तिनं एखादी युक्ती सांगावी तसं सांगितलं. गणितातली सोपी रीत. "पहाटे आईबरोबर एकदा जायचं, बस. मागे एकदा तिथे कुणीतरी लपून बसला होता ना, तेव्हापासून संध्याकाळी मी जातच नाय. आईला वाटतं मला भूक नाय."

भाताचा टोप भरलेला, टेबलफॅन फिरतोय, वीसपैकी सतरा, आणि पोर उपाशी. दोन वेळच्या जेवणापुढे मीच 'होय' केलं होतं. अकराव्यापुढेही मीच. मला स्वतःचा असा राग आला की घाटकोपरपासून अंधेरीपर्यंत बसमध्ये रिकामी सीट असून मी उभीच राहिले.

सरांपुढे मी श्वास न घेता सगळं बोलले. सरांनी पेनं बाहेर काढली नाहीत, यावरून मला समजायला हवं होतं.

"फॉर्मवर 'होय' कुणी लिहिलं?" त्यांनी विचारलं.

"मी."

"बाईंनी काय उत्तर दिलं?"

"सोय आहे म्हणाल्या. पण सर, सोय म्हणजे..."

"सोय म्हणजे सोय. शब्दकोशात बघा. आज तुम्ही म्हणाल म्हणून एक वस्ती खाली आणली, तर उद्या प्रत्येक जण आपापली वस्ती खाली आणेल. मग हे मोजणं कशाला म्हणायचं?" ते दुष्ट नव्हते, हे मला सांगितलंच पाहिजे. त्यांचा त्या फॉर्मवर जीव होता. शेवटी म्हणाले, "सोमवारी यादी जाते. सोमवारपर्यंत नव्यानं विचारून आणा, प्रत्येक घराची सही घेऊन. मग बघू."

हातात शनिवार आणि रविवार होते. मी कोऱ्या फॉर्मांचा गठ्ठा घेतला, त्याच कुलपाच्या दारामागून, आणि डोंगरावर गेले. मला वाटलं होतं बायका हात धरतील. बायकांनी दारं लावून घेतली.

माझी चाहूल लागली की कड्या सरकायच्या. शेवटी नळापाशी, म्हणजे खाली जिथे सगळ्यांचा मिळून एक नळ होता तिथे, मी त्यांना गाठलं. एक म्हातारी होती, सगळ्या तिला मान द्यायच्या. ती म्हणाली, "बाय, झाकली मूठ सव्वा लाखाची. पोरी लग्नाक इल्यात. उद्या कोण सोयरीक घेऊन इलो आणि त्यांका कळला की ह्यांच्या बायका उघड्यावर जातत म्हणान सरकारी कागदावर लिवलला आसा, तर? कशाक हात दाखवून अवलक्षण?"

मी म्हटलं, आजी, लिहिलं नाही तर संडास येणारच नाही.

"आणि लिवला तर येतलो ह्याची तू सही देतंस?"

मला ती सही देता येत नव्हती. माझी बोटं पॅडची क्लिप टकटक वाजवत राहिली. काकी हंडा कमरेला लावून उभ्या होत्या. त्यांना मी एव्हाना मुलीचं सांगितलं होतं. सांगावं की नाही याचा रात्रभर विचार केला होता आणि सकाळी सांगून टाकलं. त्यावर त्यांनी माझ्या तोंडावर निळं दार आपटलं होतं. आता त्यांनी हंडा खाली ठेवला.

"तुझ्या हापिसात सोय आसा?" त्यांनी विचारलं.

"आहे," मी म्हटलं. पटकन. सवयीनं.

आणि तोंडातून शब्द बाहेर पडल्यावर माझा मलाच तो ऐकू आला.

"म्हणजे, नाही," मी म्हटलं. "एक आहे, पण त्यात कागद भरलेत. आम्ही खाली हॉटेलात जातो. नाहीतर पाणीच पीत नाही." बायकांतली एक फिस्सकन हसली. "म्हणान तू चाय घेय नाय होतंस! आणि आम्ही तुका बामणीण म्हणत होतो!" हसणं नळाच्या रांगेत शेवटपर्यंत गेलं. मीही हसले, पण डोळे भरून आले होते.

काकी हसल्या नाहीत. "मगे पयला तुझा लिव," त्या म्हणाल्या. "तुझ्या नावान. आमच्या समोर. मगे आमचा लिव."

नळाच्या कट्ट्यावर बसून मी एक कोरा फॉर्म माझ्या नावानं भरला. पत्ता ऑफिसचा. अकराव्या प्रश्नापुढे 'नाही'. खाली सही, पूर्ण नाव, आडनावासकट. तो कागद म्हातारीनं हातात घेतला, उलटासुलटा केला. तिला वाचता येत नव्हतं, तो तिनं काकींच्या मुलीकडे दिला. मुलीनं मोठ्यानं वाचला. माझं नाव, माझं वय, माझं 'नाही'. मग काकी म्हणाल्या, "माझा लिव. अकराव्यावर नाय लिव. आणि जेवणाच्यावर पण नाय लिव." मुलगी खाली बघत होती.

रविवार संध्याकाळपर्यंत दोन घरं सोडून सगळ्यांनी सह्या दिल्या, अंगठे दिले. मी प्रश्न बदलला होता. सोय आहे का, असं मी पुन्हा कुणाला विचारलं नाही. "आता या घटकेला जायचं झालं तर कुठे जाल?" असं विचारलं, आणि बायकांनी डोंगराच्या पाठीमागे बोट दाखवलं.

रात्रीपासून चाललेल्या बेरजा संपवून सोमवारी दुपारी मी गठ्ठा सरांच्या टेबलावर ठेवला. सर्वांत वर माझा फॉर्म. सरांनी चष्मा पुसला.

"ही कुठली वस्ती?" त्यांनी विचारलं.

"आपली, सर. दुसरा मजला."

त्यांनी पूर्ण वाचला. शिपायाला हाक मारली. शिपाई येऊन उभा राहिला, तेव्हा त्यांनी तिन्ही पेनं काढून टेबलावर ठेवली आणि पुन्हा खिशात घातली. "यादी सकाळीच गेली," ते म्हणाले. "तुम्ही दुपारी येणार असं मला वाटलं नव्हतं. मला वाटलं तुम्ही येणारच नाही." वस्तीचं नाव पुढच्या वर्षीच्या यादीत सर्वांत वर घालतो, असं त्यांनी वचन दिलं आणि ते पाळलंही. फॉर्ममधला अकरावा प्रश्न त्यांनी त्याच आठवड्यात खोडला आणि माझ्या शब्दांत लिहिला. संडासातले गठ्ठेही हलले. त्या दिवशी मला आनंद व्हायला हवा होता. मी जिना उतरून रस्त्यावर आले आणि अंधेरी स्टेशनापर्यंत चालत सुटले, आणि सगळी वाट एकच हिशेब डोक्यात. एक वर्ष. माझ्या एका खुणेचं एक वर्ष.

त्या जूनमध्ये काकींची मुलगी आठवीत गेली नाही. बाप म्हणाला अंग धरू दे, आणि काकींनीही या वेळी अडवलं नाही. पोरीला निदान डोळ्यासमोर ठेवते, म्हणाल्या. संडास त्याच्या पुढच्या वर्षी झाले, सहा दारांचे. मी तेव्हा मालाडला दुसऱ्या नोकरीत होते. कळलं, पण गेले नाही. जायची हिंमत झाली नाही हेच खरं.

सहा-सात वर्षांनी एक दिवस जुन्या ऑफिसच्या पत्त्यावरून फिरत फिरत एक पत्रिका आली. हळदीचं बोट लावलेली, पत्ता कुणाच्या तरी शाळकरी अक्षरात. मुलीचं लग्न ठरलं होतं. मी रजा टाकून डोंगर चढले. निळं दार हिरवं झालं होतं. मुलगी, आता मुलगी कसली, अंगानं भरली होती, जवळजवळ माझ्या खांद्याला लागत होती. तिला बघून मी काहीतरी विचारावं म्हणून पुढे काय शिकलीस असं विचारून बसले. माझी जीभ नेहमी माझ्या पुढे धावते.

"शाळा गेली ती गेली, ताई," ती हसत म्हणाली. त्या हसण्यात माझ्यावर राग नव्हता. असता तर बरं झालं असतं.

काकी मुलाकडची माणसं कशी ते सांगत होत्या. कांजूरमार्गला खोली, मुलगा टेक्निशियन. "सगळा बघितलंय," त्या म्हणाल्या. "त्यांच्याकडे सोय आसा."

मी चमकून वर बघितलं. काकींना ते कळलं. "बघतंस काय? मी तोंडच्या सोयीवर इस्वास ठेवणा नाय आता. बघूक गेलंय तेव्हा पोहे खाऊच्या आधी उठलंय, म्हटलंय माका जावचा आसा. विहीणबाई लाजली. पण मी सवता आत जाऊन इलंय. पाणी आसा, दार आसा, कडी आसा. भायरसून नाय गो, आतसून. मगेच पोहे खाल्लंय." आणि मग त्यांनी माझ्या आजीच्या तोंडची म्हण मलाच ऐकवली, "सोय जाणे तो सोयरा."

मुलीनं चहा आणून माझ्यासमोर ठेवला. भरलेला पेला, वर बशी. मी हात पुढे केला नाही. जुनी सवय, दुसरं काही नाही.

"पी गो," काकी म्हणाल्या. "आता आमच्याकडे पण सोय आसा."

मी त्यांच्याकडे बघितलं, आणि पेला तसाच ठेवून उठले. वरच्या अंगाला चढून गेले. सहा दारं होती. मी प्रत्येक दार उघडून आत गेले, लावून घेतलं, कडी घातली, काढली. चार लागत होत्या, दोन नव्हत्या. खालून काकी मोठ्यानं हसत असल्याचं ऐकू येत होतं. मी परत आले तेव्हा चहावर साय धरली होती. मी तो मांडी घालून, खाली बसून प्यायले. "दोन कड्या बसवून घ्या," मी काकींना म्हटलं, आणि पेला मुलीपुढे केला.

"अजून दे," मी म्हटलं. "आणि तूही घे माझ्याबरोबर."